राणीची बाग आणि डॉ. भाऊ दाजी लाड

भायखळ्याची राणीची बाग तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. नवी मुंबईहून जाणारे लोक वाशी किंवा नेरूळला गाडीत बसतात, कुर्ल्याला गाडी बदलतात आणि भायखळ्याला उतरतात. तेथून बाग चालत जाण्याइतकी जवळ आहे. ईदच्या दुसऱ्या दिवशी तर तेथे पाय ठेवायला जागा नसते. नागपाडा, मदनपुरा, कुर्ला, मुंब्रा अशा कितीतरी ठिकाणांहून लोक मुलाबाळांना घेऊन येतात. मुले नवे कपडे घालून काचेजवळ उभी राहतात आणि आतल्या पेंग्विनकडे टक लावून बघतात. हे पेंग्विन २०१६ मध्ये दक्षिण कोरियातील सोल शहरातून आणले. मुंबईच्या उकाड्यात त्यांना जगता यावे म्हणून त्यांची खोली यंत्राने थंड ठेवावी लागते. पुढे वाघ, बिबट्या, अस्वल, पाणघोडा आहेत. मगरीही आहेत. मोठ्या जाळीच्या आत मोकळे उडणारे पक्षी आहेत. या पक्ष्यांच्या घरात तर आपल्यालाच आत जाता येते.

प्राणी बघून झाले की लोक घरी निघतात. परंतु याच आवारात, फाटकाजवळ, एक जुनी सुंदर इमारत आहे. तिच्याकडे फार थोडे लोक वळतात. ते मुंबईचे सर्वांत जुने वस्तुसंग्रहालय आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी मराठीत वस्तुसंग्रहालयाला अजबखाना म्हणत. उर्दूत आपण अजायबघर म्हणतो. शब्द जवळचेच आहेत. या अजबखान्यावर डॉ. भाऊ दाजी लाड असे नाव आहे. हे डॉक्टर कोण होते? प्राण्यांच्या बागेशेजारी एका डॉक्टरचे नाव कसे आले? त्यांचीच गोष्ट या पाठात सांगायची आहे.

भाऊ दाजींचे खरे नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. त्यांचा जन्म १८२२ मध्ये गोव्यातील मांद्रे या गावी झाला. घरची परिस्थिती गरिबीची होती. लहानपणी ते बुद्धिबळ फार चांगले खेळत. बुद्धिबळ म्हणजे शतरंज. या लहान मुलाचा खेळ पाहून एका इंग्रज गृहस्थाला आश्चर्य वाटले. एवढ्या हुशार मुलाला इंग्रजी शिकवले पाहिजे असे त्याने वडिलांना पटवून दिले. वडील मुलाला घेऊन मुंबईला आले. पटावरच्या त्या डावामुळे एका मुलाचे सारे आयुष्य बदलले असे म्हटले तर चुकीचे होणार नाही. पण हेही लक्षात घ्या, की वडिलांनी गाव सोडण्याची हिंमत केली नसती तर त्या इंग्रजाच्या सल्ल्याचा काहीच उपयोग झाला नसता.

मुंबईत भाऊ एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकले आणि पुढे तेथेच शिक्षक झाले. त्या काळी काठेवाड आणि कच्छ या भागांत काही घराण्यांत मुलगी जन्माला आली की तिला मारून टाकत. या दुष्ट चालीवर निबंध लिहिण्याची स्पर्धा जाहीर झाली. भाऊंनी अभ्यास करून निबंध लिहिला आणि त्यांना बक्षीस मिळाले. आपल्याकडे बक्षीस मिळाले की बहुतेक वेळा विषय तेथेच संपतो. भाऊंच्या बाबतीत तसे झाले नाही. मुलींचा प्रश्न त्यांनी जन्मभर सोडला नाही. एल्फिन्स्टनच्या तरुण विद्यार्थ्यांनी १८४८ मध्ये एक सभा स्थापन केली होती. या सभेने १८४९ पासून मुंबईत मुलींसाठी शाळा चालवल्या. हे तरुण स्वतःच शिकवत आणि त्यासाठी पगार घेत नसत. मुलींनी शिकावे ही कल्पनाच त्या वेळी पुष्कळ लोकांना सहन होत नव्हती. पुढे भाऊ याच सभेचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले.

१८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. जे. जे. रुग्णालयाच्या आवारातले हे कॉलेज आजही चालू आहे. भाऊंनी शिक्षकाची नोकरी सोडली आणि ते पुन्हा विद्यार्थी झाले. १८५१ मध्ये कॉलेजची पहिली तुकडी बाहेर पडली. तिच्यात आठ डॉक्टर होते. काही हिंदू होते, काही पारशी होते, काही ख्रिस्ती होते. मुसलमान मात्र एकही नव्हता. आपल्या समाजाची मुले या शिक्षणाकडे उशिरा वळली ही गोष्ट मनाला लागते, म्हणून येथे मुद्दाम सांगितली.

त्या आठ जणांत भाऊ होते. त्यांनी मुंबईत दवाखाना काढला आणि थोड्याच काळात त्यांचे नाव झाले. श्रीमंत लोक त्यांना बोलावू लागले आणि पैसा येऊ लागला. परंतु गरिबांना ते फुकट तपासत. त्यांचे धाकटे भाऊ नारायण दाजी हेही डॉक्टर होते. दोघा भावांनी मिळून गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालवला.

त्या काळी ज्याला सगळे घाबरत असा एक रोग होता. तो म्हणजे कुष्ठरोग, ज्याला लोक महारोग म्हणत. रोग झाला की माणसाला घराबाहेर काढत. त्याच्या हातचे पाणी कोणी पीत नसे. भाऊंनी या रोग्यांना जवळ केले. इंग्रजी वैद्यक शिकलेला हा डॉक्टर संस्कृतमधील जुने वैद्यकीय ग्रंथही वाचत होता. त्यांत सांगितलेल्या औषधांपैकी कोणती खरोखर गुण देतात, हे तो रोग्यांवर उपचार करून पाहत होता. कुष्ठरोगावर त्यांनी एक तेल वापरले आणि काही रोग्यांना त्याचा चांगला गुण आला. हे तेल कोणत्या वनस्पतीचे हे त्यांनी बराच काळ गुप्त ठेवले. त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. मोठ्या माणसाच्या चरित्रात ही गोष्ट लपवण्याचे कारण नाही. औषध सर्वांना कळले पाहिजे असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे मला बरोबर वाटते. ते कडू कवठीच्या बियांचे तेल होते हे पुढे लोकांना समजले. कडू कवठी हे कोकणात आणि सह्याद्रीच्या जंगलात वाढणारे झाड आहे. विसाव्या शतकात नवीन औषधे येईपर्यंत जगातील अनेक देशांत कुष्ठरोगावर याच जातीचे तेल वापरत होते.

दवाखाना चालवून माणूस थकून जातो. भाऊ मात्र घरी येऊन जुनी नाणी, जुने ताम्रपट आणि हस्तलिखिते घेऊन बसत. ताम्रपट म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला राजाचा हुकूम. अजिंठ्याच्या लेण्यांतील दगडावर कोरलेली अक्षरे कोणाला नीट वाचता येत नव्हती. भाऊंनी त्यांच्या नकला करून घेतल्या आणि अर्थ लावला. आर्यभट हा जुना गणिती नेमका कधी होऊन गेला याबद्दल विद्वानांत गोंधळ होता. आर्यभट नावाचे दोन गणिती होते आणि त्यांतील पहिल्याचा जन्म इ. स. ४७६ मध्ये झाला, हे भाऊंनी १८६५ मध्ये छापलेल्या लेखात दाखवून दिले. या कामात भगवानलाल इंद्रजी नावाचा जुनागढचा एक तरुण त्यांना मदत करत होता. त्याला इंग्रजी येत नव्हते, पण जुनी लिपी वाचण्यात तो फार तरबेज होता. भाऊंनी त्याला आपल्याकडे ठेवून घेतले आणि स्वतःच्या खर्चाने भारतभर पाठवले. तो नेपाळपर्यंत जाऊन शिलालेख उतरवून आणत असे. भाऊंच्या नंतर भगवानलाल स्वतःही मोठे विद्वान म्हणून प्रसिद्ध झाले.

त्या वेळी देशावर ईस्ट इंडिया कंपनीचे राज्य होते. लोकांची दुःखे सरकारपुढे मांडण्यासाठी १८५२ मध्ये मुंबईत बाँबे असोसिएशन ही संस्था निघाली. जगन्नाथ शंकरशेट तिचे अध्यक्ष होते आणि भाऊ चिटणीस होते. चिटणीस म्हणजे सेक्रेटरी. अर्ज लिहिणे, माहिती गोळा करणे, पत्रे पाठवणे असे सगळे काम चिटणीसावर येते. या संस्थेने इंग्लंडच्या पार्लमेंटकडे अर्ज पाठवून कंपनीच्या कारभारातले दोष दाखवले. काँग्रेसची स्थापना होण्यास अजून तेहतीस वर्षे होती.

आता आपण बागेकडे येऊ.

मुंबईत एक लहानसे सरकारी संग्रहालय कोटात, म्हणजे आजच्या फोर्ट भागात, सैन्याच्या एका बराकीत होते. त्यात दगड, धातू, बिया, लाकडे, पेंढा भरलेले प्राणी आणि कारागिरांनी केलेल्या वस्तू होत्या. १८५७ मध्ये उत्तरेत उठाव झाला आणि सैनिकांना ठेवण्यासाठी बराक हवी झाली. संग्रहालयातल्या वस्तू घाईघाईने बाहेर काढल्या गेल्या. त्यांतील पुष्कळ वस्तू खराब झाल्या आणि हरवल्या. डॉ. जॉर्ज बर्डवुड या इंग्रज डॉक्टरांनी उरलेल्या वस्तू वाचवल्या.

१८५८ मध्ये कंपनीचे राज्य संपले आणि राणी व्हिक्टोरियाचे राज्य सुरू झाले. या प्रसंगी मुंबईत काहीतरी स्मारक करावे असे ठरले. स्मारक म्हटले की लोक पुतळा उभारतात. बर्डवुड, भाऊ दाजी आणि जगन्नाथ शंकरशेट यांनी लोकांसाठी एक मोठी बाग आणि एक वस्तुसंग्रहालय व्हावे असे सुचवले. दोन्हींना राणीचे नाव देण्यात आले. आज आपल्याला राणीचे नाव खटकते आणि ते साहजिक आहे. पण या लोकांनी राणीच्या नावाचा उपयोग करून शहराला बाग आणि संग्रहालय मिळवून दिले असे मला वाटते. पैसा सरकारकडून नव्हे, तर शहरातील लोकांकडून वर्गणीने जमवायचा होता. बर्डवुड आणि भाऊ समितीचे चिटणीस झाले. म्हणजे पुन्हा कष्टाचे काम भाऊंकडेच आले.

माझगाव आणि भायखळा या भागात जागा मिळाली. १८६२ मध्ये बाग लोकांसाठी खुली झाली आणि त्याच वर्षी संग्रहालयाच्या इमारतीचा पाया घातला गेला. त्या वेळी बागेत जनावरे बघायला लोक येत नव्हते. ती झाडांची बाग होती. देशोदेशींची झाडे आणून लावली गेली. आफ्रिकेतून आलेली गोरखचिंच तेथे आजही पाहता येते. तिचे खोड एवढे जाड असते, की तीन-चार मुलांनी हात धरले तरी त्याला वेढा पडत नाही. प्राण्यांपुढे अशा झाडांकडे कोणाचे लक्ष जात नाही, म्हणून पुढच्या वेळी जाल तेव्हा ते झाड जरूर शोधा.

सगळे व्यवस्थित चालले असताना संकट आले. ते समजण्यासाठी थोडे अमेरिकेकडे वळावे लागेल. १८६१ मध्ये अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण भागांत युद्ध सुरू झाले. इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला. त्यांनी भारताचा कापूस वाटेल त्या भावाने घेतला आणि तो मुंबईच्या बंदरातून गेला. मुंबईत पैशांचा पाऊस पडला. रोज नव्या बँका आणि कंपन्या निघू लागल्या. समुद्र बुजवून जमीन करण्याच्या कंपनीचे शेअर घेण्यासाठी लोक वेडे झाले. व्यापारी, वकील, डॉक्टर, कारकून सगळेच या नादाला लागले. १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपले. कापसाचे भाव कोसळले आणि शेअरच्या कागदांना किंमत राहिली नाही. काल लखपती असलेली माणसे आज कर्जात बुडाली. भाऊ दाजींनीही शेअरमध्ये पैसा घातला होता. एवढा विद्वान माणूस, पण तोही या लाटेतून सुटला नाही. वर्षानुवर्षे कमावलेली संपत्ती गेली.

त्याच वर्षी जगन्नाथ शंकरशेट वारले. ज्यांनी वर्गणी देण्याचे कबूल केले होते त्यांच्यापैकी कितीतरी जणांचे दिवाळे निघाले होते. संग्रहालयासाठी पैसा उरला नाही. भिंती अर्ध्यावर राहिल्या आणि काम थांबले.

अशा वेळी माणूस काय करतो? स्वतःचे घर आधी सावरतो, आणि त्यात काही वाईट नाही. भाऊंनी दवाखाना सोडला नाही, अभ्यास सोडला नाही आणि सार्वजनिक कामेही सोडली नाहीत. पैसा गेला तरी लोकांचा त्यांच्यावरचा विश्वास गेला नाही. १८६९ आणि १८७१ अशी दोन वेळा ते मुंबईचे शेरीफ झाले. शेरीफ हा शहराचा मानाचा पदाधिकारी. अर्धवट राहिलेली इमारत अखेर सरकारच्या पैशाने पुरी झाली आणि मे १८७२ मध्ये संग्रहालय लोकांसाठी उघडले. ज्या कामाची कल्पना १८५८ मध्ये मांडली होती ते चौदा वर्षांनी पूर्ण झाले.

त्यानंतर दोनच वर्षांनी, मे १८७४ मध्ये, भाऊंचा मृत्यू झाला. त्यांनी नुकतीच पन्नाशी ओलांडली होती. राणीच्या बागेतील प्राणिसंग्रहालय त्यांना पाहायला मिळाले नाही. १८७३ मध्ये बाग नगरपालिकेकडे आली आणि पुढे १८९० च्या सुमारास आणखी जागा घेऊन तिच्यात प्राण्यांची सोय करण्यात आली. तेव्हापासून लोक प्राणी बघण्यासाठी बागेत येऊ लागले. बरीच वर्षे तेथे लोखंडी गजांचे अरुंद पिंजरे होते. एके काळी मुले हत्तीच्या पाठीवर बसून बागेत फेरी मारत. आता ते बंद झाले आहे. प्राण्यांना फिरायला जागा मिळावी आणि त्यांना कोणी त्रास देऊ नये म्हणून नवी घरे बांधली आहेत. तरीही काही लोक काचेवर हात आपटतात आणि आरडाओरडा करतात. त्यांना बघून वाटते, की गजाच्या कोणत्या बाजूला कोण असायला हवे होते!

स्वातंत्र्यानंतर बागेचे नाव बदलले. शिवाजी महाराजांच्या मातोश्रींच्या नावाने तिला वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणतात. लोकांच्या तोंडी मात्र राणीची बागच राहिली. संग्रहालयाला १९७५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव दिले गेले. नंतर इमारतीची दुरवस्था झाली. २००३ पासून पाच वर्षे दुरुस्ती चालली आणि २००८ मध्ये ती पुन्हा उघडली. आत शिरताच उंच खांब आणि सोनेरी नक्षीचे छत दिसते. मातीच्या लहान लहान मूर्तींतून जुन्या मुंबईचे लोक, त्यांचे पोशाख आणि त्यांचे धंदे दाखवले आहेत. जुने नकाशे आहेत. हातिमताईच्या गोष्टींचे एक फार जुने हस्तलिखित तेथे जपून ठेवले आहे. आपल्या घरी आजीकडून ऐकलेला हातिमताई अजबखान्यात भेटतो, हे किती जणांना माहीत आहे?

इमारतीच्या बाहेर दगडाचा एक मोठा हत्ती उभा आहे. तो पूर्वी घारापुरी बेटावर होता. आपल्या उरणच्या किनाऱ्यासमोरचे हेच ते बेट. पोर्तुगीज लोकांनी या हत्तीवरून बेटाला एलिफंटा असे नाव दिले. १८६४ मध्ये, म्हणजे भाऊ संग्रहालयासाठी धावपळ करत होते त्याच काळात, तो इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला. उचलताना तो खाली पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे भायखळ्याच्या बागेत आणले गेले आणि १९१४ मध्ये पुन्हा जोडले गेले. जवळ जाऊन नीट पाहिले तर सांधे अजून दिसतात.

बाग आणि संग्रहालय दोन्ही बुधवारी बंद असतात. इतर कोणत्याही दिवशी गेलात, तर पेंग्विन पाहून परतताना त्या दगडी हत्तीच्या बाजूने आत जा. तिकीट वेगळे काढावे लागते.